वाहत्या पाण्याचे चित्र : काळ्या काचेचा एक प्रयोग

पाणी वाहते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु वाहणे म्हणजे काय, हे आपल्या डोळ्यांना कितीसे दिसते? नदीकाठी उभे राहिले असता लाटा दिसतात, फेस दिसतो, एखादे वाहून जाणारे पान दिसते. पाण्याचा एकूण ओघ कोठून कोठे चालला आहे, तो कोठे वळतो, कोठे अडतो आणि कोठे स्वतःभोवती फिरतो, हे मात्र क्षणोक्षणी बदलणाऱ्या त्या देखाव्यात हरवून जाते. डोळा एक क्षण पाहतो व तो मागे टाकून दुसरा पाहतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याची झडप जितका वेळ उघडी ठेवावी, तितका वेळ तो पाहिलेले सारे एकाच चित्रात साठवीत राहतो. कॅमेऱ्याच्या या गुणाचा उपयोग करून वाहत्या पाण्याचे चित्र कसे घ्यावे, त्यासाठी भिंगापुढे काळी काच का लावावी लागते आणि अशा चित्रात खरे किती व भास किती, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रयोगासाठी आम्ही कामरेज निवडले. सुरतेजवळ तापीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव असून मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्याजवळच तापी ओलांडतो. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावलेली आणि एकंदर ७२४ किलोमीटर लांबीची ही नदी येथे समुद्राच्या बरीच जवळ आलेली असते. सुरतेतील पुष्कळ मराठी कुटुंबे मूळची खानदेशातील आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी भुसावळला, चांगदेवला किंवा प्रकाशा येथे ज्या तापीमाईला ओंजळीने अर्घ्य दिले, तीच माय त्यांच्या नातवंडांना कामरेजला पुन्हा भेटते. तापीला सूर्यकन्या म्हणतात आणि आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तिचा जन्मदिवस साजरा होतो. प्रकाशचित्र म्हणजे तरी काय? प्रकाशाने रेखिलेले चित्र. सूर्याच्या कन्येचे चित्र सूर्याच्याच किरणांनी रेखावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

झडप, छिद्र आणि घागर

कॅमेऱ्यात प्रकाश दोन गोष्टींनी आवरला जातो. भिंगातील छिद्र लहानमोठे करता येते आणि झडप कमी किंवा अधिक वेळ उघडी ठेवता येते. नळाखाली घागर ठेवली आहे, अशी कल्पना करावी. नळ पुरता सोडला तर घागर लवकर भरते. बारीक धार ठेवली तर वेळ लागतो. घागर मात्र काठोकाठ भरली पाहिजे. अर्धी राहिली तर चित्र काळवंडते, उतू गेली तर ते पांढरेफटक पडते. छिद्र म्हणजे नळाची धार, झडपेचा वेळ म्हणजे नळ उघडा ठेवण्याचा अवधी आणि भरलेली घागर म्हणजे उत्तम चित्र.

आता एक जुना व उपयुक्त नियम पाहू. भर उन्हात, आयएसओ १०० इतकी संवेदनक्षमता ठेवली असता, एफ १६ या छिद्राला सुमारे १/१०० सेकंद वेळ पुरतो. छिद्राचा अंक जितका मोठा, तितके छिद्र लहान, हे येथे ध्यानात ठेवावे. पाण्याचा ओघ चित्रात उतरवावयाचा तर झडप अर्धा सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ उघडी राहिली पाहिजे. १/१०० सेकंदात भरणाऱ्या घागरीखाली नळ दहा सेकंद सोडून ठेवला तर काय होईल? हजार घागरींचे पाणी वाया जाईल; म्हणजेच चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद हाती येईल.

छिद्र आणखी लहान करून पाहावे, असे कोणी सुचवील. परंतु त्यालाही मर्यादा आहे. छिद्र फार बारीक झाले की त्याच्या कडेवरून जाणारा प्रकाश पसरतो आणि सगळे चित्रच मंद व धूसर होते. म्हणून प्रकाश भिंगात शिरण्यापूर्वीच त्याला अडविणे हा सरळ उपाय होय. ते काम काळी काच करते.

काळ्या काचेचे गणित

ही काच खरोखर काळी नसते. गडद करडी असते. तांबडा, हिरवा, निळा असा भेद न करता ती सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात अडविते, म्हणून चित्राचे रंग बदलत नाहीत, केवळ प्रकाश कमी होतो. दुकानात तिला एनडी फिल्टर म्हणतात व तिच्यावर अंक लिहिलेला असतो. एनडी ८ ही काच प्रकाशाचा आठवा भाग आत सोडते, एनडी ६४ चौसष्टावा भाग आणि एनडी १००० हजारावा भाग. त्यामुळे वेळ काढण्याचे गणित पाचवीच्या मुलालाही जमण्याजोगे आहे : काच नसताना लागणारा वेळ काचेच्या अंकाने गुणावा. एफ १६ ला १/१०० सेकंद पुरत असेल, तर एनडी ६४ लावल्यावर ६४/१००, म्हणजे ०.६४ सेकंद लागेल. एनडी १००० लावल्यावर १० सेकंद लागतील. दोन काचा एकावर एक लावल्या तर त्यांच्या अंकांचा गुणाकार करावा, बेरीज नव्हे. ८ व ६४ मिळून ७२ होत नाहीत, ५१२ होतात.

ज्यांना ही काच विकत घेणे परवडत नाही, त्यांनी वेल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या मुखवट्यातील काच वापरून पाहावी. तिची किंमत थोडी असते. तिच्यावर छटेचा क्रमांक असतो. आठ क्रमांकाची काच सुमारे हजारावा भाग प्रकाश आत सोडते. ती बहुधा हिरवट असल्याने चित्राला हिरवी झाक येते; तेव्हा चित्र कृष्णधवल करून घ्यावे. एक सूचना मात्र गंभीरपणे द्यावीशी वाटते. या प्रयोगासाठी आणलेल्या कोणत्याही काचेतून, काच कितीही काळी दिसो, सूर्याकडे पाहू नये. डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण तीतून आत येऊ शकतात आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.

प्रत्यक्ष कृती

कॅमेरा यत्किंचितही हलता कामा नये, ही पहिली अट. त्यासाठी तिपाई हवी. नसेल तर दगडावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा घट्ट बसवावा. वारा असल्यास तिपाईच्या मध्यभागी दप्तर टांगावे, म्हणजे ती स्थिर राहते. वाहतुकीच्या पुलावर तिपाई कधीही मांडू नये. मालमोटार गेली की पूल थरथरतो आणि ती थरथर चित्रात उतरते.

यानंतर काच न लावता दृश्य जुळवावे, भिंग नेमके बसवावे आणि लागणारा वेळ मोजावा. भिंग आपोआप जुळण्याची सोय असेल तर ती बंद करावी. कारण काच लावल्यावर अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही व ते चाचपडत राहते. मग हलक्या हाताने काच लावावी, गुणाकाराने आलेला वेळ ठरवावा आणि दोन सेकंदांनी आपोआप उघडणारी झडप योजावी, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फिल्म वापरणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी : फार मंद प्रकाशात फिल्मवरील चांदीचे क्षार आळसावतात, म्हणून काही सेकंदांच्या पुढे हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

हल्लीच्या मोबाइलमध्ये हेच काम निराळ्या युक्तीने होते. तो थोड्या वेळाची अनेक चित्रे भराभर घेतो आणि त्यांची सरासरी काढून एक चित्र बनवितो. म्हणजे काळ्या काचेऐवजी गणिताचा उपयोग होतो. घरी मोबाइल असेल आणि वडीलधाऱ्यांची अनुमती असेल, तर या मार्गानेही प्रयोग करता येईल.

कामरेजच्या पुलाजवळ

पावसाळा ओसरल्यानंतर एका सकाळी, ऊन कोवळे असताना, आम्ही पुलाच्या खांबांकडे तोंड करून काठावरील पक्क्या जागी तिपाई मांडली. एफ ११ ला वेळ १/६० सेकंद आला. पहिले चित्र काच न लावता घेतले. त्यात प्रत्येक लहान लाट वेगळी दिसते. परंतु पाणी कोणत्या दिशेला चालले आहे, हे चित्रावरून सांगता येत नाही.

दुसऱ्या चित्रासाठी एनडी ६४ लावली. वेळ झाला सुमारे एक सेकंद. या चित्राने आम्हांला सर्वांत अधिक शिकविले. खांबाच्या पुढे पाणी दुभंगते, दोन्ही अंगांनी वेगाने निघते आणि मागे उजवीकडे व डावीकडे आळीपाळीने भोवरे सोडते, हे फेसाच्या पांढऱ्या रेषांनी स्पष्ट रेखिलेले होते. अशा भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे गणित थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञाने १९११ साली मांडले व तिला त्याचेच नाव मिळाले. पुस्तकातील आकृती तापीच्या पाण्यात पाहावयास मिळाली, याचा आनंद काही वेगळाच होता.

तिसऱ्या चित्रासाठी एनडी १००० लावली. वेळ झाला सुमारे १७ सेकंद. आता लाटा नाहीत, भोवरे नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग इस्त्री केलेल्या रेशमासारखा गुळगुळीत झाला. वाहून जाणाऱ्या जलपर्णीचे झुबके हिरवे फराटे होऊन बसले. पलीकडून चालत गेलेली माणसे नाहीशी झाली. उथळ पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा तेवढा जागच्या जागी राहिला. जे स्थिर ते उरले, जे चंचल ते पुसले गेले.

असे का व्हावे? चित्रातील प्रत्येक बिंदू झडप उघडी असेतो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाची बेरीज करतो. लाटेचा उतार आता आकाशाकडे असतो तेव्हा चकाकतो, क्षणात काठाकडे वळतो तेव्हा काळा पडतो. सतरा सेकंदांत अशा शेकडो चकाकी व सावल्या एकाच बिंदूत मिसळतात आणि शिल्लक राहते ती त्यांची सरासरी. चालणारा माणूस एकेका बिंदूवर फार थोडा वेळ असतो. म्हणून बेरजेत त्याचा वाटा नगण्य ठरतो.

जुन्या काळचे दाखले

हा प्रकार नवा नाही. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात दीर्घ एक्स्पोजर ही हौस नसून सक्ती होती. १८३८ साली डागेर याने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. झडप काही मिनिटे उघडी ठेवावी लागल्यामुळे गाड्या, घोडे, माणसे सर्व नाहीशी झाली. एका ठिकाणी थांबून जोड्यांना पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ मात्र चित्रात उमटला. कामरेजच्या बगळ्याचा आणि पॅरिसच्या त्या गृहस्थाचा न्याय एकच!

पुढे १८५१ साली आर्चर याने काचेवर ओला थर देऊन चित्र घेण्याची पद्धत शोधली. वेळ सेकंदांवर आला, तरी धबधब्याला तोही पुष्कळ होता. म्हणूनच त्या शतकातील धबधब्यांची चित्रे दुधाची धार सोडल्यासारखी दिसतात. आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या कलेत नाव मिळविले. त्या पिढीची सारी धडपड वेळ कमी करण्यासाठी होती. १८७८ साली मायब्रिज याने धावत्या घोड्याची चित्रे घेऊन दाखविली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे जगाला प्रत्यक्ष दिसले. आज आपण मुद्दाम काळी काच लावून तो जुना दीर्घ वेळ परत मागतो, ही गंमतीची गोष्ट नव्हे काय?

चुरमुरे टाकून वेग मोजणे

सुंदर चित्राच्या पलीकडेही या पद्धतीचा उपयोग आहे. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल याने विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्याच्या पन्हाळीत बारीक चमकणारे कण सोडून त्यांच्या मार्गांची छायाचित्रे घेतली व प्रवाहाचे शास्त्र पुढे नेले. तसाच एक प्रयोग आम्ही उसाच्या शेताकडे जाणाऱ्या लहान पाटावर केला. कण म्हणून चुरमुरे घेतले. ते पांढरे असतात, तरंगतात आणि पाण्याला अपायही करीत नाहीत.

पाण्याच्या पातळीलगत, प्रवाहाला समांतर, सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी ठेवली. कॅमेरा वरून सरळ खाली पाहील असा बसविला. उन्हे कलल्यावर एनडी ८ लावून १/६ सेकंदाचे चित्र घेतले. प्रत्येक चुरमुऱ्याची एक लकीर उमटली. पाटाच्या मध्यभागी ती ११ सेंटिमीटर भरली. त्यातून चुरमुऱ्याची स्वतःची लांबी १ सेंटिमीटर वजा केली, राहिले १०. १/६ सेकंदात १० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ६० सेंटिमीटर वेग. काठाजवळची लकीर ५ सेंटिमीटर. हिशेबाने वेग सेकंदाला २४ सेंटिमीटर. काठाशी घर्षणामुळे पाणी मंद होते, हे वाक्य पाठ करण्याऐवजी आम्ही ते पट्टीने मोजले.

पाटाची रुंदी ८० व खोली २५ सेंटिमीटर होती. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. निरनिराळ्या लकिरींवरून पृष्ठभागाचा सरासरी वेग सेकंदाला ०.४५ मीटर आला. तळाशी पाणी आणखी मंद असल्याने पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणण्याची रीत आहे. ०.४५ × ०.८५ × ०.२ = ०.०७६५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ लिटर पाणी त्या पाटातून शेताकडे जात होते.

येथे कोणी विचारील, झडप सहा सेकंद उघडी ठेवली असती तर लकीर अधिक लांब येऊन मोजणे सोपे झाले नसते काय? नाही. लकीर जितकी लांब, तितकी ती फिकी होते. कारण चुरमुऱ्याचा तोच पांढरेपणा अधिक जागेवर वाटला जातो. शेवटी ती पाण्यात विरून जाते, पॅरिसच्या रस्त्यावरील गाड्यांसारखी. प्रत्येक प्रश्नाला योग्य असा वेळ निराळा असतो, तो शोधून काढणे हेच या कलेतील आणि शास्त्रातील खरे कौशल्य होय.

शांत चित्र आणि अशांत नदी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिसरे चित्र आम्ही घरोघरी दाखविले, तेव्हा पाहणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच उद्गार आला : “किती शांत पाणी!” वस्तुतः ते पाणी खांबांमागे भोवरे सोडीत वेगाने चालले होते. दीर्घ एक्स्पोजर वेग दाखविते तसे ते वेग लपवितेही. जितके पाणी खळाळते, तितके ते चित्रात अधिक मऊ दिसते. असे चित्र पाहून एखादा मुलगा त्या जागी पोहावयास उतरला तर?

तापीच्या काठी राहणाऱ्यांना हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे धरण आहे. खाली सुरतेत रांदेर व सिंगणपोर यांच्यामधला बंधारा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्या वरचे पाणी जवळजवळ तळ्यासारखे संथ दिसते. परंतु धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे तीच नदी थोड्या काळात चढते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सेकंदाला सुमारे ९ लाख घनफुटांपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्या घरांतून हा अंक वाचला जाईल, त्यांपैकी कित्येकांच्या भिंतींनी ते पाणी पाहिले आहे. तेव्हा पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याचा इशारा असताना काठावर जाऊ नये. इतर वेळीही एकट्याने जाऊ नये. शेवाळलेल्या पायरीवर तिपाई मांडू नये आणि झडप उघडी असताना एकाने तरी पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवावे. चित्र पुन्हा घेता येते.

मग असे चित्र खोटे म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. १/६० सेकंदाचे चित्र लाट खरी सांगते, ओघ सांगत नाही. एक सेकंदाचे चित्र ओघ खरा सांगते, लाट सांगत नाही. सतरा सेकंदांचे चित्र काय टिकले व काय गेले, हे खरे सांगते. वेगाविषयी मात्र मौन धरते. खोटेपणा चित्रात नसून, किती वेळ पाहिले हे न सांगता ते पुढे करण्यात आहे. म्हणून आम्ही असा नियम केला आहे की, प्रत्येक चित्राखाली स्थळ व तारीख यांबरोबर झडपेचा वेळही लिहावयाचा. पुराची पातळी दाखविणारे चित्र असेल तर ते थोड्या वेळाचे घ्यावे. तेथे रेशमी पाण्याची हौस करू नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाला कामरेजपर्यंत जाता येईलच असे नाही. पण घराच्या अंगणातील नळाची धार कोणालाही उपलब्ध आहे. ती १/१००० सेकंदात, १/३० सेकंदात आणि एका सेकंदात कशी दिसते, ते वडील माणसांच्या साह्याने पाहावे, तिन्ही चित्रे वहीत शेजारी शेजारी चिकटवावीत आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्यात : या चित्रात काय दिसते, आणि काय दिसत नाही. पुढे वर्तमानपत्रात वा मोबाइलवर कोणतेही चित्र समोर आले, तरी हेच दोन प्रश्न विचारण्याची सवय लागेल. ती सवय लागली तर एका काळ्या काचेचे मोल पुरेपूर वसूल झाले, असे आम्ही समजू.